‘पुढे न्या’ म्हणण्याआधी

आमच्या भागात सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाच्या सत्राला, हॉल कधी भरतो, हे आता मला पत्रिका बघूनच सांगता येतं. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांवर व्याख्यान असेल तर निम्म्या खुर्च्या भरतात. ‘डॉक्टर आणि कायदा’ असा विषय लावला की भिंतीला टेकून उभे राहून ऐकणारेही असतात. बीड, लातूर, परभणी, नांदेड, कुठेही जा, हेच चित्र. पुण्याहून किंवा संभाजीनगरहून वकील येतात. पडद्यावर एकामागून एक निकाल येतात, प्रत्येकाखाली भरपाईचा आकडा, प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा. मग जेवणाच्या वेळी ताट हातात घेऊन बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, “आता सिरीयस पेशंटला हातच लावायचा नाही. सरळ ‘पुढे न्या’ म्हणायचं.”

या वाक्याची मला मनापासून भीती वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. शिकलो अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ कॉलेजात. पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, खाली तिची ओपीडी, वर माझी. आमच्या डॉक्टर संघटनेच्या शाखेच्या सीएमई ठरवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नियम सगळ्यांना पाठ आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे दर पाच वर्षांत ३० तासांचं शिक्षण घ्यायचं आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचं नूतनीकरण करताना तेवढे क्रेडिट पॉइंट दाखवायचे. त्यामुळे माणसं येतात. ती तिथून काय घेऊन जातात, तेवढंच मी इतकी वर्षं बघत आलो आहे.

‘पुढे’ म्हणजे कुठे, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. वडवणी, धारूर, केज, आष्टी इथून पुढे म्हणजे बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाई. तिथून पुढे लातूर, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, आष्टीकरांना अहिल्यानगर. रात्रीची वेळ, पाऊस, भाड्याची जीप, मध्येच धारूरचा घाट. चांगल्या मनाने म्हटलेल्या ‘पुढे न्या’लाही दोन-तीन तासांचा रस्ता लागतो. मण्यार चावलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

मण्यारीचंच उदाहरण घेतो. पावसाळ्यात घराघरांत माणसं जमिनीवर झोपलेली असतात. मण्यार रात्री चावते, खूण बहुधा दिसतच नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, उलटी होते, घरातले पित्त झालं म्हणून सोडा पाजतात. मग पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही, मान धरवत नाही. या टप्प्यावर रोगी दारात आला तर काय करायचं हे प्रत्येक एमबीबीएसला माहीत असतं: एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, १० व्हायल (कुप्या) सलाइनमधून तासाभरात द्यायच्या, रिॲक्शन आलीच तर म्हणून ॲड्रेनॅलिनची सिरिंज भरून शेजारी ठेवायची, हाताने श्वास द्यायची अंबू बॅग हाताशी ठेवायची आणि त्यानंतर, श्वासावर लक्ष ठेवायला कुणाला तरी सोबत देऊन, व्हेंटिलेटर असेल तिथे हलवायचं. घोणस किंवा फुरसं असेल तर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं नळीला धक्काही लावायचा नाही, मग ती आडवी करून बघायची. रक्त पातळच राहिलं तर विष चढलेलं आहे. या चाचणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही.

हे सगळं माहीत असूनही कितीतरी रोगी एकही व्हायल न लागता पुढे पाठवले जातात. कारण विचारलं की उत्तर येतं, रिॲक्शन आली तर? नातेवाइकांनी गोंधळ घातला तर? केस झाली तर? कायद्याचं भाषण ऐकून आलेल्या डॉक्टरला रिॲक्शनच्या केसची भीती वाटते आणि उपचार न देता पाठवलेला रोगी जीपमध्ये गेला तर त्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही असं वाटतं. कायदा याच्या बरोबर उलट आहे. अपघातग्रस्तांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवण्यासाठी तातडीची मदत देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. २००५ च्या निकालात न्यायालय म्हणालं की उपचार फसला किंवा निर्णयात साधी चूक झाली म्हणून डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही. निष्काळजीपणा ढोबळ, उघड असावा लागतो आणि खटल्याआधी त्या विषयातल्या दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. म्हणजे अंगावर येतं ते औषध न देणं. शास्त्राप्रमाणे औषध दिलं, रिॲक्शन आली, ती ओळखून आवरली आणि वेळेसकट लिहून ठेवली, तर न्यायालय डॉक्टरच्या बाजूने उभं राहण्याचीच शक्यता जास्त. हे दोन निकाल वकिलांच्या भाषणात असतात, पण घाईत सांगितलेले असतात. मोठ्या भरपाईचे आकडे मात्र सावकाश येतात आणि तेच लक्षात राहतात.

म्हणून कायद्याची सत्रं बंद करा असं मी म्हणणार नाही. ती वाढवा, पण उपचारांपासून वेगळी काढून शिकवू नका. सर्पदंशाच्या सत्रातच शेवटची वीस मिनिटं कायद्याला द्या. मग डॉक्टरला कळेल की दहा व्हायल देऊन पाठवणं हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे आणि कायद्यानेही तेच बरोबर आहे.

आता कागदाबद्दल. ‘लिहून ठेवा, लिहून ठेवा’ असं प्रत्येक वक्ता सांगतो आणि कारण देतो की कोर्टात कागदच तुम्हाला वाचवेल. खरंच आहे ते. पण तो कागद आणखी कुणाच्या कामी येतो, हे मी एकाही भाषणात ऐकलं नव्हतं. मला ते कळलं एका तरुण शेतकऱ्याच्या भावाकडून. तो शेतकरी शेतात पाणी द्यायला गेला असताना साप चावून वारला होता, दुसऱ्या एका दवाखान्यात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अशा मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, सर्पदंश त्यात धरलेला आहे. त्याचा भाऊ फाइल घेऊन माझ्याकडे आला ते वाचून दाखवा म्हणून. केस पेपरवर एवढंच होतं: ‘अननोन बाइट. रेफर्ड.’ वेळ नाही, दंशाची जागा नाही, पापण्या पडलेल्या होत्या की नाही ते नाही, रक्ताची चाचणी नाही. गावाहून कधी निघाले तेसुद्धा नाही. “साहेब, कचेरीत म्हनतेत साप चावल्याचं कुठंच लिव्हेल नाही. आता मी साप कुठून आणून दाखवू?” त्या माणसाने हे रागाने विचारलं नव्हतं. त्याला खरोखरच कळत नव्हतं की पुढे काय करायचं.

त्या कागदावर चार ओळी जास्त असत्या तर त्याच्या भावजयीला कचेरीच्या खेपा घालाव्या लागल्या नसत्या. चार ओळी लिहायला दोन मिनिटं लागतात. तेव्हापासून मी तरुण डॉक्टरांना सांगतो, केस पेपर लिहिताना कोर्टातल्या न्यायाधीशाचा चेहरा डोळ्यांसमोर आणू नका, त्या घरातल्या बाईचा आणा. काय लिहायचं ते आपोआप सुचतं.

विष प्यायलेल्या माणसाच्या कागदालाही हेच लागू आहे आणि मराठवाड्यात त्याबद्दल जास्त सांगायची गरज नाही. फवारणीचं औषध पोटात गेलेला माणूस येतो तेव्हा घरचे दबक्या आवाजात सांगतात, “पोलिसात देऊ नका, चुकून गेलंय म्हणून लिहा.” तरुण डॉक्टर दोन्हीकडून अडकतो. मेडिको-लीगल नोंद करणं, म्हणजे पोलिसांना कळवणं, त्याला भाग आहे, आणि खोटं तर लिहायचंच नाही. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं ठरवलं, आणि जुन्या दंडविधानातलं ३०९ कलम नव्या न्यायसंहितेत त्या रूपात आलंच नाही. हे नातेवाइकांना सांगता आलं पाहिजे. “पोलीस येतील, जबाब घेतील, पण याला जेलात नेणार नाहीत,” एवढं शांतपणे सांगितलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो आणि विषावरचं ॲट्रोपिन सुरू असताना डॉक्टरचं लक्ष रोग्याच्या छातीवर राहतं, दारातल्या गर्दीवर जात नाही. तो माणूस वाचला नाही तर शेतकरी कुटुंबाला मिळणाऱ्या १ लाखाच्या मदतीसाठी जिल्ह्याची समिती बसते, आणि तिच्यासमोर पुन्हा आपलेच कागद जातात. आता नियमाने रोग्याने किंवा त्याच्या माणसाने मागितल्यावर नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. किती दवाखान्यांत त्या देताना कपाळाला आठी पडते, हे आपल्या आपल्याला माहीत आहे.

सगळ्यात अवघड विषय मी इतका वेळ मागे ठेवला. आमच्या जिल्ह्याचं नाव २०१९ मध्ये देशभर गाजलं ते ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांमुळे. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा जणींत एक. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. पिशवी काढलेल्या या ऊसतोड महिलांतल्या बऱ्याच जणी चाळिशीच्याही आतल्या.

बाहेरून आलेल्या वार्ताहरांनी दोषी शोधले. त्यांचं काम ते त्यांनी केलं. पण माझ्या पत्नीच्या ओपीडीत बसून बघितलं तर गुंता दिसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. कामावर नाही गेलं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. फडात न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांतही पहाटे चारला मोळ्या उचलायच्या. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय. बाई येऊन स्वतःच म्हणते, “म्याडम, पिशवी काढूनच टाका. दर महिन्याला खाडा पडायलाय. पोरं झालीत आता, काय करायची ठेवून?” आणि कुणीतरी आधी तिच्या मनात घातलेलं असतं की राहू दिली तर कॅन्सर होईल.

इथे कायदा, पैसा आणि वैद्यक, तिन्ही एकाच खुर्चीत बसलेले असतात. वैद्यक सांगतं की पांढरं जाणं बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होतं, कॅन्सरच्या शंकेसाठी ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयाचं तोंड तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि तिशीत पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर हाडं आणि हृदय दोन्हीला वीस वर्षं आधी म्हातारपण येतं. पैसा सांगतो की ऑपरेशनने दवाखान्याचा हप्ता सुटतो आणि गोळ्यांनी सुटत नाही. कायदा काय सांगतो? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर नेमकं असंच प्रकरण आलं होतं: तपासणीसाठी संमती घेतलेल्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशय भूल दिलेली असतानाच काढले गेले होते. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही, आणि रोग काय, दुसरे उपाय कोणते, धोके कोणते, काहीच केलं नाही तर काय होईल, हे सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ही संमतीच नाही.

आमच्या एका सत्रात पत्नीने हा निकाल सांगितला आणि मग सगळ्यांना आपापल्या दवाखान्यातला संमतीचा फॉर्म काढायला लावला. बहुतेक इंग्रजीत, एकाच छापखान्यातले, मधे एक कोरी रेघ, तीत ऑपरेशनचं नाव भरायचं, खाली अंगठ्यासाठी चौकोन. ती म्हणाली, “यात दुसरा उपाय कोणता, ते लिहायला जागाच नाही.” मग दोन-दोन डॉक्टरांच्या जोड्या केल्या. एकाने डॉक्टर व्हायचं, दुसऱ्याने ऊसतोड बाई. बाईला अंडाशय म्हणजे काय, ते काढल्यावर काय होतं, हे तिला कळेल अशा बोलीत दोन मिनिटांत सांगायचं. वीस-पंचवीस वर्षं ऑपरेशनं केलेले सर्जन तिथे अडखळले. भाषा त्यांना येत होती, हे असं सांगायची वेळच कधी आली नव्हती. जमायला लागल्यावर मात्र हॉलमध्ये जो आवाज सुरू झाला, तो मी आमच्या कुठल्याच सीएमईत ऐकलेला नाही. आता जिल्ह्यात खासगी दवाखान्याला पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. परवानगीचा शिक्का चांगलाच, पण ही दोन मिनिटं त्या शिक्क्याने भरून निघत नाहीत.

कायदा अर्धवट माहीत असला की काय होतं याचं पत्नीच्याच ओपीडीतलं आणखी एक उदाहरण. बालविवाह आमच्याकडे अजून होतात. सोळा-सतरा वर्षांची मुलगी दिवस गेलेली घेऊन आई येते. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक, म्हणून बरेच डॉक्टर अशा मुलीला दारातूनच परत पाठवतात, आणि मग ती कुणाच्या हाती जाते हे सांगायला नको. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला: मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव आणि ओळख पोलिसांना दिलेल्या माहितीत उघड करायची गरज नाही. हा निकाल माहीत असलेला डॉक्टर त्या मुलीला बसवून घेतो.

सोनोग्राफीवाल्या मित्रांना माझं पुढचं बोलणं आवडत नाही, तरी लिहितो. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली सोनोग्राफीच्या वेळी भरायच्या फॉर्म ‘एफ’मधल्या रिकाम्या रकान्यासाठी मशिनला सील लागतं, हा अन्याय आहे असं ते म्हणतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फॉर्म नुसती कारकुनी नाही असं ठरवलं. २०११ च्या जनगणनेत माझ्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. त्या आकड्यासमोर मला न्यायालयाचंच पटतं.

पैशाबद्दल आमच्या सत्रांत ‘प्रॅक्टिस मॅनेजमेंट’ म्हणून जे शिकवलं जातं, त्यातला करांचा भाग सीएला विचारून भागतो, फायर ऑडिट आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या चार रंगांच्या पिशव्या-डब्यांचं तर छापील तक्त्यावरून होतं. बोलायला हवं ते कटबद्दल, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनबद्दल. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला गेले, विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातल्या किती लेकरांचे जीव त्यांनी वाचवले, ते सगळ्यांना माहीत आहे. एका तपासणी केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल त्यांना १,२०० रुपयांचा चेक पाठवला तेव्हा त्यांनी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली, हेही तरुण डॉक्टरांना तितकंच माहीत असायला हवं. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला, पुढे त्याचं काही झालं नाही. मसुदा पडून राहिला म्हणून आपल्याला शाखेत ठराव करायला कुणी अडवलेलं नाही. इमारतीचं कर्ज, सोनोग्राफीचा हप्ता, जन आरोग्य योजनेचे उशिरा येणारे पैसे, हे ओझं खरं आहे, मी ते उचलतो आहे. म्हणूनच नव्याने दवाखाना घालणाऱ्याला कर्जाचा हिशेब पहिल्या वर्षीच शिकवला पाहिजे. पंधरा खाटा परवडतात की सहाच, हे आधी बसून ठरवलं तर पुढे हप्त्यापायी कुणाच्या पोटावर सुरी चालवायची पाळी येत नाही.

मारहाणीबद्दल थोडक्यात. २०१० च्या राज्याच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, नुकसानीची दुप्पट भरपाई आहे. तो कायदा हवाच आणि तो नीट लावलाही गेला पाहिजे. मात्र खर्चाचा अंदाज आणि धोका दाखल करतानाच सांगितलेल्या घरचा माणूस हात उचलताना मी क्वचितच पाहिला आहे.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, म्हणून त्याआधी आम्ही केजला एक दिवसाचं सत्र घेणार आहोत. औषध कंपन्यांचे पैसे घेणार नाही, फी आपली आपण भरायची. बोलायला पोलीस निरीक्षक, ग्राहक आयोगापुढे रुग्णांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या एक वकील, तहसीलमधले योजनेच्या फायली तपासणारे कारकून आणि दोन आशाताई येणार आहेत. क्रेडिट पॉइंटसाठी परिषदेकडे अर्ज केला आहे. येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या दवाखान्यातला एक जुना केस पेपर आणायचा आहे, नाव-गाव खोडून. सकाळी तहसीलचे कारकून ते वाचून सांगतील की त्यावरून अर्ज मंजूर झाला असता की नाही.